जेवणामुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो का? आणि जेवणाने तो टळतो का?

वृषाली_इचलकरंजी

नमस्कार. एरवी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात रोज यावरून वाद होतो आणि कुणाचं खरं मानायचं ते कळेनासं झालंय.

आमचं एकत्र कुटुंब. अप्पा (वडील) आणि काका, दोघंही आयुष्यभर मागावर. दोघांनाही बिडीची सवय. गेल्या दिवाळीच्या आधी काकांचा खोकला थांबेना. आधी टीबीच्या गोळ्या झाल्या, नंतर मोठ्या दवाखान्यात तपासलं तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उन्हाळ्यात काका गेले.

तेव्हापासून घरातलं खाणंपिणं पार बदललंय. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जातो. कुणी म्हणतं साखर बंद करा, कुणी मैदा, कुणी तर वांगं. अप्पांना सकाळी मोठा ग्लास गाजराचा रस आणि रात्री हळदीचं दूध सुरू आहे. न्यू जर्सीच्या चुलतभावाने बीटा-कॅरोटीनच्या कॅप्सूल पाठवल्यात, बाटलीवर २५,००० युनिट असं लिहिलंय. फुप्फुसाला संरक्षण मिळतं म्हणे. बिडी सोडली असं अप्पा सांगतात, पण शर्टाला वास येतो. विचारलं की म्हणतात, "रस पितोय की रोज. एखाद्या बिडीनं काय होतंय?"

सगळ्यात जास्त काळजी आईची आहे. तिचा दारातच भजी-वड्याचा गाडा आहे, आमची शिक्षणं त्यावरच झाली. संध्याकाळी दोघं भाऊ गाड्यावरचीच भजी खायचे. काकांच्या दहाव्याला कुणीतरी तिच्यासमोर म्हणालं की जळक्या तेलाच्या खाण्यानं कॅन्सर होतो. ते तिच्या मनात बसलंय. आता फोडणी टाकतानाही तिचा हात अडखळतो. रात्री झोपत नाही.

खाण्याचा आणि या आजाराचा खरंच किती संबंध आहे? रस आणि कॅप्सूल चालू ठेवू का? आणि आईला काय सांगू?

---

रानवारा

गाजराचा रस अजिबात बंद करू नका. निसर्गाचं आहे, अपाय कसा होईल? गाजर, बीट, आवळा एकत्र करून द्या. कॅप्सूलही गाजरातलंच सत्त्व असणार, म्हणजे तीही चांगलीच. आईंना सांगा तेल घाण्याचं वापरा. काकांबद्दल वाचून वाईट वाटलं.

---

उषा_सोलापूर

वृषाली, तुला एकेरीत लिहिते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. नोकरीची सगळी वर्षं मी एका कॅन्सर रुग्णालयाच्या आहार विभागात काढली. आईचं आधी लिहिते, कारण तुझ्या लिहिण्यातलं मला तेच जास्त लागलं.

काकांचा कॅन्सर तुझ्या आईच्या जेवणामुळे झाला नाही. हे तिला आज रात्री शेजारी बसून स्पष्ट सांग. आमच्याकडे पुरुष पेशंटबरोबर बायको यायची. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडली की माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायची, "मॅडम, माझ्या करण्यात काय चुकलं?" त्याच वेळी त्या माणसाच्या खिशात बिडीचं बंडल असायचं. बिडीचा जाब कुणी विचारायचं नाही, पण भाजीत तेल किती होतं याचा हिशेब बाईकडे मागायचे. निवृत्त होईपर्यंत मला या गोष्टीचा राग येत राहिला, अजूनही येतो.

तळलेलं रोज खाल्लं तर वजन वाढतं, हृदयावर परिणाम होतो, ते खरं आहे. पण भजी खाल्ल्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. बिडीने होतो हे झालेलं आहे. बिडी सारखी विझायला बघते, म्हणून झुरके जोरात आणि लवकर लवकर घ्यावे लागतात. त्यामुळे टार, निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच आत जातं, बऱ्याचदा त्याहून जास्त. माझ्या गावात घरोघरी बायका विड्या वळतात, आणि 'विडी म्हणजे देशी, हलकी' हा समज मी लहानपणापासून ऐकत आले. तो साफ खोटा आहे.

आता कॅप्सूल. ती आजच बंद कर. रानवारा यांनी मायेने लिहिलंय, पण नेमकं याच बाबतीत गाजर आणि गाजरातलं सत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या आहेत.

१९७० आणि ८० च्या दशकांत बऱ्याच देशांत असं दिसत होतं की ज्यांच्या जेवणात पिवळ्या-हिरव्या भाज्या जास्त आणि ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. मग विचार असा झाला, की भाजीतलं हे द्रव्यच गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती दिखाऊ गोळी. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

त्याच सुमारास अमेरिकेत १८,३१४ लोकांवर दुसरी चाचणी चालू होती. त्यात सिगारेट ओढणारे होते, सोडलेले होते, अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलेले होते. त्यांना ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व दिलं जात होतं. जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते. 'सोडलेले' या शब्दाकडे नीट बघ, वृषाली. अप्पांनी आज खरोखर बिडी सोडली तरी ही कॅप्सूल त्यांच्यासाठी नाही.

तुझ्या बाटलीवरचे २५,००० युनिट म्हणजे साधारण १५ मिलिग्रॅम. फिनलंडच्या डोसच्या आसपासच.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या गोष्टीने. फिनलंडच्या त्याच माणसांमध्ये, चाचणी सुरू होण्याआधीपासून ज्यांच्या जेवणात कॅरोटीन जास्त होतं त्यांना कॅन्सर कमी झाला. म्हणजे ताटातून आलं तेव्हा एक चित्र आणि गोळीतून आलं तेव्हा बरोबर उलटं. पुढे १९९९ मध्ये फेरेट या छोट्या प्राण्यावर प्रयोग झाला. धूर आणि मोठ्या डोसचं बीटा-कॅरोटीन एकत्र मिळालं तेव्हा त्याच्या फुप्फुसातल्या पेशींमध्ये कॅन्सरच्या वाटेवरचे बदल दिसले. धुराने पोळलेल्या फुप्फुसात हे द्रव्य मोडतं आणि त्याचे तुकडेच घात करतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

म्हणून गाजर कोशिंबिरीत किसून घाल, लिंबू पिळ, दाण्याचं कूट घाल, चावून खाऊ दे. रोज मोठा ग्लास भरून रस कशाला? एका ग्लासात किती गाजरं जातात ते तूच बघतेस. चोथा टाकून सगळ्यांचा अर्क एकदम पोटात जातो. आणि तुमच्या घरात त्या रसाने आणखी एक काम केलंय, ते म्हणजे बिडीला परवानगी दिली आहे. तेवढ्याचसाठीही मी तो बंद केला असता. हळदीचं दूध आवडत असेल तर घेऊ दे, पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत. मिरीच्या अर्कासोबत विकल्या जाणाऱ्या तशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

राहिली तुझी आई. तिच्या हातच्या भज्यांनी कुणाला काही झालं नाही, पण कढईवर जो धूर येतो तो तिच्या छातीत जातो आणि त्याचा विचार तुमच्या घरात कुणीच केलेला दिसत नाही. शांघाय, तैवान, हाँगकाँगकडच्या ज्या बायकांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर का होतो याचा शोध घेताना संशोधक स्वयंपाकघरात पोचले. तेल धुरावेपर्यंत तापवून मगच पदार्थ टाकायचा, असं करणाऱ्यांना धोका जास्त दिसला. जिथे धूर ओढून घेणारा पंखा होता तिथे कमी. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने फार तापलेल्या तेलातल्या तळणाचा धूर आणि घरातल्या लाकडाचा धूर, दोन्ही 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकले. घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर तर 'नक्की कॅन्सरकारक' गटात आहे. चीनमध्ये युन्नान प्रांतात श्वानवेई म्हणून भाग आहे, तिथे घराघरात खूप धूर करणारा दगडी कोळसा जळायचा. चुलींना धुराडं बसवल्यावर पुढच्या वर्षांत तिथला धोका जवळजवळ निम्म्यावर आला. जेवण तेच होतं, फक्त धूर घराबाहेर गेला.

तेव्हा गाडा बंद करायला मी सांगणार नाही. तो तिचा मान आहे आणि तुमचं घर आहे. पण तेलातून धूर निघायच्या आत घाणा सोडायचा. जुनं तेल लवकर धुरावतं, म्हणून त्यातच नवं ओतत राहायचं नाही. गाडा पत्र्याच्या आडोशाला कोंडलेला असेल तर मोकळ्यावर काढ, वारा तिच्या पाठीकडून कढईकडे जाईल असा लाव. आणि परसात बंब पेटवत असाल तर तोही बघ. आंघोळीच्या पाण्यासाठी रोज सकाळी भुसा, लाकूड, कधी प्लॅस्टिकसुद्धा जळतं, आणि तिथेही उभी असते ती आईच.

---

प्रमोद_कोथरूड

उषाताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून एकच भर घालतो.

२०१९ मध्ये अमेरिका, युरोप, आशिया मिळून १४ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला होता. ज्यांच्या जेवणात तंतू (फायबर) आणि दही दोन्ही सगळ्यात जास्त, त्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. तुलना होती दही न खाणाऱ्या आणि सगळ्यात कमी तंतू खाणाऱ्यांशी. अभ्यास चांगला आहे. पण 'दही खा, कॅन्सर टाळा' अशी बातमी त्यातून होते तेव्हा मला वाईट वाटतं. सिगारेट-बिडी ओढणारे लोक फळं-भाज्याही कमी खातात, आणि धुरामुळे रक्तातलं कॅरोटीनही उतरतं. मग भाजी कमी म्हणून कॅन्सर झाला की धूर जास्त म्हणून? संशोधक धुम्रपानाचा हिशेब वजा करतात, पण कोण किती ओढतो हे माणसं स्वतः सांगतात त्यावरच तो असतो. वृषालीताईंच्या अप्पांना विचारलं असतं तर त्यांनी 'सोडली' असंच सांगितलं असतं. धुम्रपानाने धोका वाढतो तो काही टक्क्यांनी नाही, कित्येक पटींनी. इतक्या मोठ्या गोष्टीचा थोडासा हिशेब चुकला तरी दह्याच्या पदरात नसलेलं पुण्य पडतं.

दही-ताक जरूर खावं. ते खायला वेगळं कारण लागत नाही.

---

मीना_बारासात

मी लग्न होऊन बंगालमध्ये आले, उत्तर २४ परगण्यात राहते. इथे या प्रश्नाची दुसरी बाजू आहे, म्हणून लिहिते. पोटातून जाऊन फुप्फुसाचा कॅन्सर करणारी एक गोष्ट पक्की सिद्ध आहे, ती म्हणजे पाण्यातलं आर्सेनिक. आमच्याकडे कूपनलिकांच्या पाण्यात ते येतं. उत्तर चिलीमधल्या अँटोफगास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात नदीचं जे पाणी मिळालं त्यात लिटरला सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. सुरक्षित मर्यादा १० ची आहे. पाणी शुद्ध करायला लागल्यानंतरही कित्येक वर्षं तिथे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू जास्त होत राहिले.

पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. भातही त्याच पाण्यात शिजतो. माझ्या सासूबाई नळाला रंग कोणता लावलाय ते बघून पाणी भरायच्या, लाल रंगाच्या नळाचं पाणी प्यायचं नाही. इचलकरंजीला ही भीती नाही. पण इथल्या कुणाचं माहेर-सासर बंगाल, बिहारकडे असेल तर पाणी तपासून घ्या.

---

वृषाली_इचलकरंजी

सगळ्यांचे आभार. उषाकाकू, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. "माझ्या करण्यात काय चुकलं" इथं ती रडायला लागली, मग म्हणाली पुढचं वाच. गाडा पत्र्याच्या शेडमध्येच आहे, भाऊ रविवारी बाहेर काढणार आहे. बंबात भुसा आणि कापडाच्या चिंध्या जळतात, ते मला कधी डोळ्यांसमोर आलंच नव्हतं.

कॅप्सूल बंद केल्या. अप्पांना फिनलंडचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री मला विचारलं, "मला तपासून घ्यायचं का?" इतकी वर्षं ओढल्यावर आता सोडून फायदा आहे का, हेही त्यांनीच विचारलं. काय सांगू? आणि बिडी सोडताना खायला काय देऊ? गल्लीतले लोक मिश्री लावा म्हणतात.

---

उषा_सोलापूर

अप्पांनी स्वतः विचारलं, ही फार मोठी गोष्ट झाली. आता उशीर करू नकोस.

फायदा आहे. पूर्ण सोडल्यापासून दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतो, आणि हृदयाला फायदा त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. कुठलंही फळ, कुठलाही रस याच्या जवळपास पोचत नाही. 'एखादी' मात्र चालत नाही, एखादीची परत बंडलं होतात.

तपासणीसाठी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे ने. बरीच वर्षं ओढलेल्यांसाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन असतो. अमेरिकेत ५३,४५४ लोकांवर झालेल्या चाचणीत, साध्या एक्स-रेने तपासलेल्यांपेक्षा या स्कॅनने तपासलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. तो निकाल २०११ चा. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग पुष्कळांच्या छातीत असतात. स्कॅनमध्ये ते दिसले की घबराट होते, पुढच्या तपासण्या वाढतात. म्हणून स्कॅन करायचा की नाही ते डॉक्टरांनी अप्पांना बघून ठरवू दे, परस्पर सेंटरवर जाऊन करू नका. काका या आजाराने गेले आणि आधी टीबीचं औषध झालं होतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांग. आणि स्कॅन होवो न होवो, तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणं, वजन उतरणं यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही.

मिश्री नको. ती तंबाखूच आहे, फक्त भाजलेली. त्यातून तोंडाचा कॅन्सर होतो. तलफ आली की काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंड गुंतवायला फुटाणे, बडीशेप, लवंग, आवळासुपारी खिशात दे. सकाळच्या चहाबरोबर बिडीची सवय असेल तर पहिले काही दिवस चहाची जागा आणि वेळ बदल, त्याचा उपयोग होतो. भूक वाढेल, वजन थोडं वाढेल, त्याची भीती घालू नका. ज्वारीची भाकरी, मेथी-शेपू-तांदळी अशी कुठलीही पालेभाजी, डाळ, ताक, हंगामातलं एखादं फळ, पेरू किंवा पपई. कॅन्सरविरोधी म्हणून वेगळं काही शिजवायचं नाही. आईला हेही सांग की फोडणी नीट घाल, चव गेली तर माणूस जेवत नाही आणि जेवला नाही की त्याला बिडी आठवते. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. अप्पांनी स्वतः फोन करायला हवा, तू लावून दिलास तरी बोलू दे त्यांनाच.

---

रानवारा

उषाताई, मी वर जे लिहिलं त्यावर तुम्ही रागावला नाहीत, आभार. एक विचारायचं होतं. माझे सासरे डोळ्यांच्या पडद्यासाठी अमेरिकेतून आलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतात. पूर्वी सिगारेट ओढायचे. त्यातही हे असू शकतं का?

---

उषा_सोलापूर

असू शकतं. डब्यामागचं बारीक अक्षरातलं आजच वाचा. डोळ्यांच्या त्या गोळीच्या जुन्या प्रकारात बीटा-कॅरोटीन होतं. २०१३ मध्ये दुसरी मोठी चाचणी पूर्ण झाली, तेव्हा पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये बीटा-कॅरोटीनच्या गोळीबरोबर फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला, म्हणून त्याच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन घालतात. डब्यावर ही दोन नावं असतील आणि बीटा-कॅरोटीन नसेल तर ठीक. बीटा-कॅरोटीन असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना डबा नेऊन दाखवा आणि गोळी बदलून घ्या, डोळ्यांचं औषध एकदम सोडून देऊ नका.

कधीच न ओढणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. अमेरिकेतल्या २२,०७१ डॉक्टरांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांनी एक दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन बारा वर्षं घेतलं, निम्म्यांनी दिखाऊ गोळी; त्या वेळी ओढणारे त्यात थोडेच होते. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना अपाय झाला नाही आणि फायदाही झाला नाही. वृषाली, न्यू जर्सीच्या भावालाही हे कळव. तिथे कुणी ओढणारं असेल आणि हीच बाटली घेत असेल तर त्यांनाही सांगायला हवं.